टेंगूळ आणि डावी चप्पल

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, फोनवर "काही नाही गं, उतरतंय" एवढंच म्हणून तुम्ही फोन आईकडे देता, म्हणून लिहून पाठवतेय. आई, चष्मा सापडत नाही असं ते म्हणतील. तू मोठ्यानं वाच.

गुढी उतरवताना बाबा स्टुलावरून पडले त्याला आज 23 दिवस झाले. मला कळलं आज सकाळी, तेही तुझ्या तोंडून निसटलं म्हणून. (भांडण समोर बसून करू.)

आधी टेंगळाचं. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या फार आणि खाली लगेच हाड, त्यामुळे साध्या मारानंही लिंबाएवढं टेंगूळ येतं. साकळलेलं रक्त विरायला काही आठवडे लागतात, मधे ते कडकही लागतं. रोज थोडं कमी होत असेल तर होऊ दे. वाढायला लागलं, लाल-गरम झालं, पू दिसला तर मात्र दाखवायचं. आणि आई, ते तेल लावून चोळणं आजपासून बंद.

पण मी घाबरले ती टेंगळामुळे नाही. तू सहज बोलून गेलीस, "हल्ली यांची डावी चप्पल पायातून निसटते नि यांना कळतही नाही." शिवाय दुपारभर झोप, आणि शब्दकोडं अर्धवट. बाबांचं शब्दकोडं अर्धवट!

वयानं मेंदू जरा आकसतो आणि त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात. हलक्या आपटण्यानंही एखादी फाटते, रक्त हळूहळू झिरपतं आणि दोन-तीन आठवड्यांनी मेंदूवर दाब यायला लागतो. बाहेरचं टेंगूळ उतरलं तरी आत हे चालू असू शकतं. त्यात बाबांच्या स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. त्या मनानं बंद करू नका, स्टेंट तुंबेल. पाकिटांसकट डॉक्टरांना दाखवा, काय करायचं ते ठरवतील. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. कंबरेसाठी आणलेली ती दुसरी गोळी नको, तिनं रक्तस्राव वाढू शकतो.

कदाचित काहीच नसेल. पण ते सीटी स्कॅनशिवाय कळणार नाही, आणि त्याला मिनिटंच लागतात. रक्त साठलेलं निघालंच, तर बऱ्याचदा कवटीला लहान भोक पाडून ते काढतात आणि माणूस पुन्हा नीट चालू लागतो. उशीर झाला की मात्र अवघड होतं.

तेव्हा हे वाचून झालं की निघा. सोमवारी नाही, आज. वाईत वेळ न घालवता थेट साताऱ्याला, जिथे स्कॅन आणि मेंदूचे सर्जन दोन्ही आहेत तिथे. शेजारच्या दादाला गाडी काढायला सांगितलंय. बाबा, तुम्ही चालवायची नाही. निघण्याआधी उलट्या सुरू झाल्या, बोलणं अडखळलं, हात किंवा पाय उचलेना, झटका आला किंवा हाक मारून जाग येईना, तर दादाचीही वाट बघू नका, 108 लावा.

मी स्वारगेटवरून मिळेल त्या गाडीनं निघतेय, तिथेच भेटू. आई, कपाटातली निळी फाईल घे. आणि बाबा, आज चप्पल नको, पट्ट्याचे सँडल घाला.

तुमची,
चिमी