पिवळा बाण

ओ सेब्रेइरो, स्पेन
14 मे

प्रिय बाळ्या,

पाय सुजलेत, मोजे शेकोटीपाशी वाळत घातलेत आणि तुझी माफी मागायची आहे.

सान्तियागो शहराकडे जाणाऱ्या ख्रिस्ती पदयात्रेच्या वाटेवर आज ला फाबा गाव सोडलं आणि चढावर धुकं उतरलं. आपल्याकडे आषाढात उतरतं ना, तसलंच. मोबाईल भिजून बंद. एका फाट्यावर बावळटासारखा उभा होतो, तेवढ्यात कुंपणाच्या दगडावर पिवळा बाण दिसला. हाताने काढलेला, रंग खाली ओघळलेला. निघालो. जरा पुढे मनात शंका येतेय तोच दुसरा बाण! अरे, ही तर तुझी रीत. एक फाट्यावर आणि एक पन्नास पावलांवर, 'बरोबर आलास' म्हणणारा.

या बाणांची सुरुवात इथल्याच पाद्र्याने केली, एलियास वालिन्या. सान्तियागोच्या या यात्रेवर प्रबंध लिहिलेला माणूस. पण वाट ओस पडलेली, येणारे थोडे आणि तेही चुकायचे. 1984 साली गृहस्थाने रस्त्याच्या कामावरचा उरलेला पिवळा रंग मिळवला, डबे आपल्या सिट्रोएन गाडीत टाकले आणि फाट्याफाट्यावर बाण काढत सुटला. पिरेनीजच्या डोंगरात पोलिसांनी हटकलं तर म्हणे, "फ्रान्सकडून मोठी स्वारी येणार आहे, तिची तयारी करतोय." किस्सा मीठमसाला लावलेला असेलही, पण स्वारी आली खरी. 2023 मध्ये सान्तियागोत 4 लाखांहून जास्त यात्रेकरूंची नोंद झाली. वालिन्यांना मात्र हे बघायला मिळालं नाही, 1989 मध्येच गेले. इथे चर्चपाशी त्यांचा अर्धपुतळा आहे. त्याच्यासमोर बराच वेळ बसलो होतो.

आता सरकारी दगडी खुणाही आहेत, शिंपल्याचं चिन्ह आणि उरलेले किलोमीटर कोरलेल्या. तरी नजर बाणच शोधते. (काही हॉटेलवाले बाण हळूच आपल्या दाराकडे वळवतात म्हणे. आपल्याकडची आठवण झाली!)

तर माफी. हरिश्चंद्रगडाच्या पठारावर आपण रात्रभर भरकटलो आणि पुढच्याच रविवारी तू पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन खिरेश्वरला हजर झालास. तोलार खिंडीच्या वर तू कातळावर बाण काढत होतास आणि मी "कातळ घाण करू नकोस" म्हणून तुझ्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर. तू ब्रश पुसून पिशवीत टाकलास, तो पुन्हा काढला नाहीस.

माझं सगळंच चुकलं असं नाही हं. देवळाजवळ रंग नकोच, आणि अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याला विचारूनच. पण पठारावरच्या त्या टेकड्यांमध्ये, जिथे आपणच चुकलो, तिथे बाण हवेत. तुझे चार-पाच बाण आता पावसाने पुसले असतील.

परवानगीच्या अर्जाचं मी बघतो. दिवाळीनंतर चल. डबा सुकला असेल तर नवा माझ्याकडून.

तुझा,
पक्या