नववा लागला म्हणजे दिवस भरले असं नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

अक्षय्य तृतीया आली की मुहूर्त बघून सिझर करून घेणाऱ्यांसाठी हे पत्र लिहितेय, आणि त्यात मी स्वतः पण आले. २०२५ ची तृतीया ३० एप्रिलला होती, सुनेची डेट होती १९ मे. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल, कसली तक्रार नाही. पण मीच म्हटलं की नववा लागून बरेच दिवस झाले, बाळ तयारच असणार, मग एवढा सोन्यासारखा दिवस कशाला सोडायचा. गुरुजींनी चिठ्ठीवर ११:४० लिहून दिलं, डॉक्टर म्हणाले सदतीस आठवडे झालेत, चालेल. झालं!

नातू गोंडस, वजनही चांगलं, पण श्वास सोडताना कण्हायचा आणि नाकपुड्या फुलायच्या. तासाभरात काचेत. मग कावीळ पण झाली. चार दिवस मी काचेबाहेर उभी राहून त्याचं पोट वरखाली होताना बघत होते, घरी पेढ्यांचे बॉक्स तसेच पडून.

तिथल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की कळा सुरू होतात तेव्हा बाळाच्या फुफ्फुसातलं पाणी शोषलं जायला लागतं, कळांआधीच आणि तेही लवकर काढलं की ते आत राहतं. आणि सदतीस म्हणजे फुल टर्म, म्हणजे पूर्ण दिवसांचं बाळ, नाहीच! अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालीच हे वेगळं केलंय, ३७ आणि ३८ वा आठवडा पूर्ण झालेलं बाळ अर्ली टर्म, ३९ पूर्ण झाल्यापासून ४० आठवडे ६ दिवसांपर्यंत फुल टर्म, ४१ लेट आणि ४२ च्या पुढे पोस्ट टर्म. आमची सून होती ३७ आठवडे २ दिवसांवर.

गंमत म्हणजे आपल्याकडे हे आधीपासून म्हणतातच की, नऊ महिने नऊ दिवस! हिशोब करून बघा, साधारण २८२ दिवस होतात, डॉक्टरांचे २८०, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. नववा *लागतो* तेव्हा जेमतेम पस्तीस आठवडे झालेले असतात, पण आम्ही बायका बोटांवर मोजतो आणि लागला की भरला समजतो. त्यात पाळीची तारीख नीट आठवत नसेल तर आणखीच घोळ, म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी जपून ठेवावी, तारखेसाठी तीच जास्त भरवशाची, शेवटी शेवटी केलेली नाही.

बीपी वाढलं, पोटात बाळाभोवतीचं पाणी कमी झालं, बाळाची हालचाल मंदावली तर डॉक्टर लवकर काढतील, काढावंच, तिथे आठवडे मोजत बसू नये. मी बोलतेय ते नुसत्या पंचांगासाठी केलेल्या घाईबद्दल.

नातू आता मजेत आहे, घरभर पळतो. परवा लेकीच्या सासूबाईंचा फोन आला, गुरुपुष्य चांगला आहे म्हणे. मी विचारलं, विहीणबाई, आठवडे किती झाले? सदतीस म्हणाल्या. म्हटलं, मग पेढे इतक्यात सांगू नका.

– एक आजी, सांगली