बाबा, गुरुवारी गाडी येणार नाही

मनीषनगर, नागपूर

ती. आई-बाबा, साष्टांग नमस्कार.

बाबा, गुरुवारी तुम्हाला घ्यायला मी गाडी घेऊन येत नाहीये. फोनवर तीनदा सांगायचं ठरवलं आणि तीनदा डोळ्यांत घालायच्या थेंबांचं विचारून फोन ठेवला. नवी गाडी नीट चालत नाही. आधीच सांगायला हवं होतं. पण तुमच्या एफडीचे दोन लाख तिच्यात आहेत, आणि टेकडीच्या गणपतीसमोर चाकाखाली लिंबू ठेवतानाचा आईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

1,200 किलोमीटरला सुरू झालं. अजनीच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत गाडी झटके द्यायला लागली, गिअरबॉक्स तापल्याची सूचना पडद्यावर आली आणि ती तिथेच बसली. मग आणखी दोनदा. एकदा तर कोंढाळीच्या पुढे, भर उन्हात, पिल्लू सोबत असताना. म्हणूनच डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्हाला तिच्यात बसवायची माझी हिंमत नाही.

चेतक शिकवताना तुम्ही ओरडायचात, "अर्धा क्लच धरून ठेवू नको, प्लेट जळते!" या ऑटोमॅटिकमध्ये दोन क्लच आहेत, नुसत्या हवेवर थंड होणारे. गर्दीत गाडी इंचाइंचानं सरकते तेव्हा ती स्वतःच अर्धा क्लच धरते. मी काय करणार, सांगा?

वर्कशॉपनं पहिल्यांदा सॉफ्टवेअर अपडेट करून दिलं. दुसऱ्यांदा "दोष आढळला नाही". तिसऱ्यांदा म्हणाले, प्लेट जळाली, पण ती झिजणारी वस्तू, वॉरंटीत बसत नाही, तुमच्या चालवण्यानं गेली. दोन महिन्यांत! पहिल्या जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रारीच्या कागदावर, त्यांनी नुसतं "जनरल चेकअप" लिहिलं आणि मी न वाचता सही केली, ते अजून लागतंय. पुढच्या वेळी तक्रार माझ्या शब्दांत लिहून घेतली, व्हिडिओ काढून ठेवले. मग नोटीस पाठवली, तिला उत्तर आलं नाही. म्हणून काल जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली.

आता तुम्हाला काकांच्या प्लॉटची कोर्टातली केस आठवेल, माहीत आहे मला. हे तसं नाही, बाबा. साडेतेरा लाखांच्या गाडीला फी 400 रुपये, वकील सक्तीचा नाही. तीन महिन्यांत, आणि गाडी तपासायला पाठवली तर पाच महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. लांबलं तरी मी थांबेन. पैसे तुमच्या घामाचे आहेत, ते असे सोडून द्यायचे कसे?

ऑपरेशनची तारीख तीच आहे. बडनेऱ्याहून एसी चेअर कारची तिकिटं काढली आहेत, तुमची खिडकीची जागा. नागपूरला मी डब्यापाशीच उभी असेन, यांच्या मित्राची गाडी घेऊन. खोलीला जाड पडदे लावलेत, उजेड टोचणार नाही. संडासात धरायला दांडाही बसवला. आई, तुझ्यासाठी ओट्याजवळ उंच स्टूल आणलंय.

फाटक बंद असलं की चेतकवर पुढे उभ्या माझे कान तुम्ही दोन्ही हातांनी झाकायचात, थंडी लागू नये म्हणून. तुम्हाला एकदा पुढच्या सीटवर बसवून, एसी लावून, सावकाश नागपूरला आणायचं एवढंच मनात होतं माझ्या. ते राहिलं.

बरं, आता ऐका. शोरूमला फोन करायचा नाही, बाबा, अजिबात नाही. बॅगा उचलायच्या नाहीत, हमाल करा. शुगरचे रिपोर्ट आणि जुनी फाइल हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. आई, पहाटे उठून सांबारवडीचा घाट घालू नकोस, इथे दोघी मिळून करू. आणि त्या लिंबाचं मनाला लावून घेऊ नकोस गं, तुझ्या पूजेत काही कमी नव्हतं.

हे पत्र मिळालं की बाबांना वाचून दाखव, त्यांना बारीक अक्षर वाचू देऊ नकोस. रात्री नऊला मी फोन करते.

तुमची,
छोटी