घरच्या व्यवसायात मुलांचा हात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली अकरा वर्षे मी सहकारनगरमधल्या राहत्या घरातून चकली, अनारसे आणि भाजणी विकते. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे आमच्या घरी पहिला घाणा पहाटे पाचला पडतो. गेल्या वर्षी सातवीतल्या माझ्या मुलीने शाळेत निबंधात लिहिले, की शनिवारी मी आईची पाकिटे वजन करून भरते. त्यावर पालकसभेत मला चारचौघांत सांगण्यात आले, की मुलांना कामाला जुंपू नका. ते बोलणे मनाला लागले. तरीही त्यामागची काळजी मला खोटी वाटत नाही, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि 14 वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवण्यास मनाई करण्यात आली. मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, शिक्षणात खंड न पडता आणि काम धोक्याचे नसेल तर, मुलांनी स्वतःच्या कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या व्यवसायाला हातभार लावण्यास या कायद्याने मुभा दिली आहे. कुटुंब म्हणजे फक्त आईवडील नव्हेत. सख्खी भावंडे, काका, आत्या, मामा आणि मावशी यांचाही त्यात समावेश आहे. या अटी आम्ही घरात काटेकोरपणे पाळतो. कढईजवळ मुलांनी यायचे नाही, सोऱ्याने चकल्या पाडायच्या त्या पलीकडच्या खोलीत, कागदावर. आणि चाचणी परीक्षेच्या आठवड्यात ‘आज नको’ म्हटले, तर त्यावर एक शब्दही बोलायचा नाही.

मुले यातून काय शिकतात, हे मला दहावीतल्या मुलामुळे कळले. पाव किलोचे पाकीट मी 110 रुपयांना देत होते आणि त्यात 40 रुपये सुटतात असे धरून चालले होते. त्याने एका रविवारी वही घेऊन डाळ-तांदूळ, धने-जिरे, गिरणीचे दळण, तेल, पिशवी, लेबल आणि माल पोहोचवण्याचे रिक्षाभाडे असा सगळा खर्च मांडला. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर व्यवसायाला चालत नाही, म्हणून आम्ही 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणतो. त्याचा खर्चही मी कधी पाकिटावर वाटून पाहिला नव्हता. हिशेबाअंती हातात 13 रुपये उरत होते आणि त्यात माझ्या मजुरीचा एक पैसाही धरलेला नव्हता. आम्ही दर 130 केला. दोन गिऱ्हाइके तुटली, बाकीची टिकली. नफा-तोट्याची गणिते त्याने पुस्तकातून कितीतरी सोडवली होती. परंतु आपल्या शाळेची फी ज्या पैशातून जाते, तो पैसा कसा उभा राहतो, हे त्याने त्या दिवशी प्रथमच पाहिले.

इथे माझी एक चूक सांगणे भाग आहे. हिशेबाची वही मुलाकडे आणि पाकिटे भरणे, डबे पुसणे मुलीकडे, अशी वाटणी माझ्याही नकळत झाली होती. अनेक घरांत असेच होते. मुलीचे काम घरकामात जमा होते आणि त्याला कोणी व्यवसाय म्हणत नाही. आता वही दर महिन्याला हात बदलते. लेबलावर घटक, वजन, उत्पादनाची तारीख, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक बरोबर आहे की नाही, हे मुलगी तपासते. भाजणी मुलगा मळतो. मोहन जास्त झाले की चकली तेलात विरघळते, हेही त्याला आता हातानेच कळते.

मी मुलांना नगावर पैसे देत नाही. ते वेतन झाले, आणि माझ्या मते तिथे मदत संपून मजुरी सुरू होते. त्याऐवजी महिनाअखेरीस जमाखर्च दोघांसमोर उघडा ठेवते, तोट्याच्या महिन्यातही. ‘तू फक्त अभ्यास कर, बाकीचे आम्ही पाहू’ असे आपण मायेपोटी म्हणतो खरे, पण त्यामुळे घर कशावर चालते हे मुलाला ठाऊकच होत नाही.

आपल्या वृत्तपत्रामार्फत शहरातील शिक्षकांना माझी एक विनंती आहे. नफा-तोट्याचा धडा शिकवताना ज्यांच्या घरी खानावळ, शिवणकाम, पापड-मसाले किंवा फुलांचा व्यवसाय आहे, त्या मुलांना घरचा एखादा हिशेब वर्गात मांडू द्यावा, आणि तो मांडताना त्यांना संकोच वाटणार नाही एवढे पाहावे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक गृहउद्योजिका, सहकारनगर, पुणे