बाबा, ते वर चढणारं पाणी

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर सांगायचं राहूनच गेलं, सगळा वेळ आईच्या गुडघ्यात गेला. परवा परत एशरच्या, त्या डच चित्रकाराच्या, म्युझियममधे जाऊन आले. इथे द हेगमधे एका राणीचा हिवाळ्यात राहायचा राजवाडा होता, २००२ पासून तिथे त्याचीच चित्रं लावलीयेत. लोक त्याला दृष्टिभ्रमाचा पेंटर म्हणतात पण तो छापेच जास्त काढायचा, लाकडात कोरून नाहीतर दगडावर, आपल्या जुन्या शिळाछाप पोथ्या असायच्या ना तसं.

बाबा, त्याचं १९६१ चं 'धबधबा' तुम्ही बघायलाच हवं. पाणी वरून चाकावर पडतं, चाक फिरतं, मग ते पाणी विटांच्या पाटातून वळत वळत उताराला लागतं आणि बघता बघता परत धबधब्याच्या तोंडाशी वरती!! तुम्ही आयुष्यभर कालव्यांच्या लेव्हल घेतल्यात, तुम्हाला पाच मिनिटांत चूक सापडेल असं वाटतं, पण कुठल्याही एका कोपऱ्यावर बोट ठेवा, तो कोपरा बरोबरच असतो, खांब सरळ, पाट सरळ. खऱ्यात जे एकमेकांपासून लांब असेल ते कागदावर जवळ दिसतं आणि तो तिथेच सांधा जोडून टाकतो, बस एवढंच. तो म्हणायचा, वाफ होऊन जाईल तेवढं बादलीभर पाणी अधूनमधून ओतलं की पाणचक्की चालूच राहील. ही युक्ती त्याला पेनरोज ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञ बापलेकांच्या १९५८ च्या लेखातून मिळाली, आणि त्यातल्या मुलाला, रॉजरला, हे वेड लागलं ते १९५४ मधे अ‍ॅमस्टरडॅमला एशरचंच प्रदर्शन बघून. त्याच रॉजरला २०२० मधे फिजिक्सचं नोबेल मिळालं.

आई, तुझ्यासाठी पण एक आहे, जवळजवळ चार मीटर लांब. पालींचे षटकोन होतात, षटकोनांतून मधमाश्या निघतात, पुढे मासे, पक्षी, आणि मधे टिचभर जागा रिकामी नाही. तुझी दिवाळीची ठिपक्यांची रांगोळीच आठवली मला.

पण मी हे लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. एशरचे वडील पण बाबांसारखे पाण्याचे इंजिनिअर, जपानला जाऊन नद्यांची कामं केलेले. पोरगा शाळेच्या शेवटच्या परीक्षेत नापास, आर्किटेक्चरला घातलं तर ते सोडून ग्राफिक्सला गेला, मग इटलीत राहिला, लग्न झालं, मुलं झाली, चित्रं काही फारशी विकली जात नव्हती आणि वडील वर्षानुवर्षं पैसे पाठवत राहिले. १९३५ मधे त्याने त्यांचं पोर्ट्रेट केलं, तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले. १९३९ मधे ते गेले. धबधबा, न संपणारा जिना, हे सगळं त्यानंतरचं. त्यांनी ह्यातलं काही बघितलंच नाही हो बाबा.

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून अ‍ॅनिमेशनला गेले तेव्हा तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीत, पण फी एकदाही लेट झाली नाही. तुम्हाला ते पटलं होतं का हे मी कधी विचारलं नाही, आत्ताही विचारत नाहीये. मी काय काम करते ते तुम्ही दोघांनी इथे येऊन माझ्या टेबलाशी बसून बघावं एवढंच मनात आहे, आणि ते पुढच्या वर्षीवर टाकायचं नाहीये. व्हिसाचे कागद मेल केलेत, आईचं फिजिओ संपलं की लगेच तारीख घ्या. आणि बाबा, तुमची सहा इंची पट्टी बॅगेत टाका, त्या पाटाची लेव्हल तुम्हीच लावून दाखवा मला.

तुमची,
छकुली