मंत्रिमहोदय, एक अर्ज तेवढा टोकियोला जाऊ द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

१८९३ साली निप्पॉन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीनं जमशेटजी टाटांच्या साथीनं मुंबईची फेरी सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबईत जपानी वाणिज्य दूतावास आला. आपला कापूस कोबे-ओसाकाच्या गिरण्यांत कसा गेला, यावर मी पीएच.डी. करतो आहे. इंग्रज सरकारची बाजू एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसून वाचता येते. घोडं अडतं ते जपानी बाजूपाशी.

सगळंच अडतं असं नाही. 'जपान सेंटर फॉर एशियन हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स' २००१ पासून परराष्ट्र खातं, लष्कर आणि मंत्रिमंडळाचे जुने कागद इंटरनेटवर फुकट दाखवतं. कोबे विद्यापीठानं वर्तमानपत्रांची कात्रणं तशीच खुली ठेवली आहेत. फक्त शोधायचं कसं ते कुणीतरी शिकवावं लागतं. आजच्यासारखं कातकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी अक्षरांत, 'मुम्बाई' टाकलं तर त्या काळचे कागद निसटतात, कारण तेव्हा मुंबई दोन कानजींत, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षरांत, लिहीत आणि 'बोम्बेई' म्हणत. हे कळायला माझे सहा महिने गेले. आमच्या ग्रंथपालांना जपानी येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही.

खरी अडचण पुस्तकांची. टोकियोच्या नॅशनल डाएट लायब्ररीनं, म्हणजे जपानी संसदेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं, लाखो पुस्तकं स्कॅन केली आहेत. स्वामित्वहक्क संपलेली कुणालाही दिसतात. काही फक्त तिथल्या इमारतीतच. मधला गठ्ठा बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकांचा. गिरण्यांनी स्वतःच छापलेले कंपनी-इतिहास बहुतेक त्यातच आहेत, आणि माझं काम त्यांच्यावाचून पुढं सरकत नाही. २०२२ पासून जपानमध्ये राहणाऱ्यांना ती घरबसल्या वाचता येतात. माझी मावसबहीण तिथं सॉफ्टवेअरमध्ये आहे. इतिहास म्हटलं की तिला जांभई येते, पण पुस्तक उघडतं तिच्याकडे! तिच्याकडून पानं मागवणं नियमात बसत नाही, म्हणून मागवली नाहीत.

परदेशातल्या वाचकाला एक वाट आहे. २०१९ पासून जपानबाहेरच्या ग्रंथालयांनाही डाएट लायब्ररीकडे अर्ज करून ही स्कॅन पुस्तकं पुरवणाऱ्या सेवेत सामील होता येतं. मंजुरी मिळाली की त्या ग्रंथालयात बसून ही पुस्तकं वाचता येतात. माझ्या विद्यापीठात विचारलं तर 'वरून पत्र आणा' म्हणाले.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही. पण बहुतेकांची गाडी भाषेच्या परीक्षेवरून थेट कंपनीत जाते. संशोधनाकडे वळायचं म्हटलं तर वाचायला बसायचं कुठं, इथूनच सुरुवात आहे.

इमारत नको, नवं केंद्र नको, भूमिपूजनही नको. राज्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला हा अर्ज करायला सांगा आणि तिथं जपानी वाचता येणारा एक माणूस नेमा. अर्ज ग्रंथालयानंच करायचा असतो, विद्यार्थ्याचा चालत नाही. नाहीतर मीच केला असता.

आपला,
एक संशोधक विद्यार्थी, पुणे