रात्रीचा तेर्स आणि रात्रीची गोळी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले. आमचं घर कॅथलिक. आमच्याकडे माणसाची झोप उडाली, जेवण सुटलं, तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडू लागला, की शेजारी म्हणतात, "त्याका भायरचा काय तरी लागला." मग कुणी घाड्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे नेतं, कुणी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये फादरांकडे, कुणी उपवास-प्रार्थनेला. डॉक्टरकडे न्यायचं सुचेपर्यंत पाच-सहा महिने गेलेले असतात. त्याच महिन्यांबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

माझा धाकटा भाऊ मासेमारी करायचा. मे 2021 च्या तौक्ते वादळात त्याची होडी फुटली. पंचनाम्याला माणसं आली, त्यांनी कौलं मोजली, पडलेले माड मोजले, होडीचं नुकसान लिहून घेतलं. भाऊ त्यांच्याशी नीट बोलला. पण त्या रात्रीपासून तो झोपला नाही. वारा जरा वाढला की उठून खळ्यात जाऊन उभा राहायचा. एका डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, थोडा उतार पडला. तेवढ्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून तो एका प्रार्थनासभेला जाऊ लागला. तिथे त्याला सांगितलं गेलं, की गोळी घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं. त्याने गोळ्या बंद केल्या. पुढच्या महिन्यात एका पहाटे आईने त्याला विहिरीकडून हाताला धरून परत आणलं.

देवावर भरवसा म्हणून त्याने जे केलं, त्याने त्याचा जीवच जाणार होता. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

त्याला सावरलं तेही इगर्जीतूनच. आमचे फादर घरी आले. उपदेश केला नाही. आईने दिलेली पेज भावाच्या शेजारी बसून प्यायले आणि त्याला बोलू दिलं. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "मी तुझ्यासाठी मिस्सा म्हणतो, तू माझ्यासाठी गोळी घे." पुढच्या आठवड्यात ते स्वतः एसटीने त्याच्याबरोबर रत्नागिरीला, प्रादेशिक मनोरुग्णालयात गेले. त्या प्रवासात दिवस मोडतो. धर्मग्रामाची कामं टाकून ते गेले.

ते नवं काहीच करत नव्हते. बायबलमध्ये एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही, तुझा विश्वास कमी पडला असंही म्हणत नाही. ऊठ, खा, एवढंच सांगतो. तो खातो, पाणी पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून पुन्हा खायला लावतो. देवाचं बोलणं त्यानंतर, खूप पुढे. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. खुद्द येशू म्हणाला, वैद्याची गरज निरोग्यांना नसते, दुखणाइतांना असते. आमच्या वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची माणसं शुभवर्तमानाबरोबर दवाखाना घेऊन आली. इथल्या मिशनचे डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट 1919 साली इथेच जन्मला आणि पुढे अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला. अशा गावात ख्रिस्ताच्या नावाने औषध सोडायला लावतात, याचं मला फार दुःख होतं.

साहेब, माणसं आधी देवाच्या दारात जातात, हे शासनाने मान्य करावं. ते बदलायला जाऊ नये, त्या दारातून दवाखान्यापर्यंत वाट करावी. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात हे झालं आहे. तिथले मुजावर दुआ करतात आणि आवारातच मनोविकारतज्ज्ञ तपासून औषध देतात. उलट तामिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, तेव्हा धर्मस्थळाच्या आसऱ्याने चाललेल्या आश्रमात साखळदंडाने बांधलेली 28 माणसं जळून मेली. बाजूला डॉक्टर नसेल तर श्रद्धेच्या जागी काय होऊ शकतं, ते तिथे दिसलं.

म्हणून आमच्या जिल्ह्यातले फादर, सिस्टर, पाळक, प्रार्थनासभा चालवणारे, आणि त्यांच्याबरोबर देवळांतले गुरव, मशिदींतले मौलवी, यांना जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून प्रशिक्षण द्या. त्यांना डॉक्टर करायचं नाही. कसं ऐकायचं, मरणाची भाषा कशी ओळखायची, कोणत्या क्षणी सोबत उठून दवाखान्यात जायचं, एवढं शिकवा. यात एक बारीक गोष्ट आहे, ती तुमच्या अधिकाऱ्यांनी समजून घ्यावी. कुमसारात, म्हणजे माणूस फादरांपुढे पापांची कबुली देतो तेव्हा, ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, जीव धोक्यात असला तरी नाही. समुपदेशकाचं तसं नसतं, जिवावर बेतलं तर त्याला घरच्यांना सांगावं लागतं. म्हणून कुमसारात कुणी असं बोललंच, तर त्याला बाहेरच्या बाकावर बसून तेच पुन्हा सांगायला कसं तयार करायचं, हे फादरांनाही शिकायला हवं.

कुणी म्हणेल, यातून धर्मांतरं होतील. शंका घेणाऱ्यांवर माझा राग नाही. खचलेल्या माणसाच्या अगतिकतेचा असा फायदा घेणं मलाही पाप वाटतं. प्रशिक्षणात हा नियम पहिला ठेवा. गोळ्या सोडा असं जो सांगेल, मग तो आमच्यातला का असेना, त्याला जाब विचारा.

पण दवाखान्यापर्यंत माणूस आणून उपयोग काय, तिथे गोळीच नसेल तर? मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 सांगतो, की शासनाच्या आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात, सर्व काळ, मोफत मिळाली पाहिजेत. "सर्व काळ" हे शब्द कायद्यातले आहेत. यंदा पावसाळ्यात आम्हाला दोनदा "स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात या" असं ऐकावं लागलं. ज्याला एकदा "गोळी सोड" असं सांगितलं गेलं होतं, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं फार धोक्याचं आहे. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मी आमच्या इगर्जीच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवला आहे. फोनवर मराठीत बोलायला माणूस मिळतो, त्याबद्दल तुमचे आभार. पण फोनमधून गोळी येत नाही.

भाऊ आता दुसऱ्याच्या होडीवर जातो. आई रात्री तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणते, शेवटचा आमेन झाला की आल्ताराखालच्या, म्हणजे आमच्या घरातल्या देवघराखालच्या फळीवरून पाकीट काढून एक गोळी त्याच्या हातावर ठेवते. आज त्या पाकिटात नऊ उरल्या आहेत.

आपली,
वेंगुर्ले तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका